दंड साडेतेरा इंच, तरी कट्टा उठेना

‘सर, नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितो. नाव छापू नका. वय २२, उंची १६९ सेंटिमीटर, वजन ६१ किलो. दोन वर्षं झाली, आठवड्यातून पाच दिवस गाडीत पेट्रोल टाकून तालुक्याच्या जिमला जातो. दंड अकरा इंचांचा साडेतेरा झाला, छातीही भरली. दिवाळीच्या आधी सोयाबीन निघालं तेव्हा कट्टे, म्हणजे भरलेली पोती, मेटॅडोरमध्ये भरायचे होते. साठ किलोचा कट्टा माझ्यानं गुडघ्याच्या वर गेला नाही. आमच्याकडे हमालीला एक काका येतात, पन्नाशीचे, दंड माझ्या मनगटाएवढा. त्यांनी तोच कट्टा पाठीवर घेतला आणि तोंडातली विडी न काढता फळीवरून वर चढले. सगळे हसले. एक जण म्हणे, “बॉडी फोटोपुरतीच हाय का गा तुही?” जिमचे सर सांगतात हलकं वजन घे, पंधरा-वीस रॅप मार, म्हणजे सलग तेवढ्या वेळा उचल, त्यानंच साइज येते. एक सिनियर म्हणतो जड मार, ताकद येईल. मला पोलीस भरतीही द्यायची आहे. मग ताकद करू की बॉडी? आणि जिममध्ये एक जण महिन्यात पाच किलो वजन वाढवणाऱ्या गोळ्या देतो. घेऊ का?’

बाबू,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. गोळ्या घेऊ नको. का, ते खाली लिहिलंय, पण तिथपर्यंत वाचायचा कंटाळा आला तरी एवढं ध्यानात ठेव.

आता कट्ट्याचं. काकांचा दंड तू पाहिलास. त्यांची पोटरी पाहिलीस का? मांडी, कंबर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंच्या त्या दोऱ्यांसारख्या शिरा? पुढच्या खेपेला ते वाकतील तेव्हा त्यांच्या हाताकडे बघूच नको. आधी ते कट्टा उभा करतात, मग त्याला पोट टेकेल इतके जवळ जातात. गुडघे मोडून, ढुंगण मागे टाकून बसतात. कट्टा कवेत घेऊन मांडीवर येतो, मग कमरेचा एक झटका, आणि कुणीतरी मागून नुसता हात लावला की तो पाठीवर. तिथून पुढे वजन कण्यावरून कमरेत आणि कमरेतून थेट पायात उतरतं. हात म्हणजे फक्त अडकवायचे हूक. तू तो कट्टा हातानं उचलायला गेलास. साठ किलोचं पोतं बायसेप्सच्या जोरावर खांद्यावर घेणारा गडी आपल्या भागात तरी माझ्या पाहण्यात नाही.

म्हणजे निम्मा हिशोब कसबाचा झाला. काकांनी तीस वर्षांत किती हजार कट्टे चढवले असतील! उरलेला निम्मा हिशोब मेंदू आणि स्नायूंमधल्या तारेचा आहे, आणि तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथंच आहे. म्हणून इथं जरा सावकाश वाच.

आपला एकेक स्नायू हजारो बारीक तंतूंचा असतो. हे तंतू टोळ्याटोळ्यांनी बांधलेले असतात आणि एका टोळीला मज्जातंतूची एक तार येते. तारेतून हुकूम आला की त्या टोळीतले सगळे तंतू आखडतात. काही टोळ्या छोट्या, चिवट, दिवसभर राबणाऱ्या. काही मोठ्या, जोरकस, पण लवकर थकणाऱ्या. आणि शरीर म्हणजे पक्का चिक्कू पाटील. निंदणाला चार बायांत भागत असेल तर तो पाचवीला निरोप धाडत नाही. हलकं काम आलं की छोट्या टोळ्या आधी, काम वाढत गेलं की मोठ्या मागाहून. हा क्रम शरीर सहसा मोडत नाही. हेनेमन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं गेल्या शतकाच्या मध्यावर तो दाखवून दिला.

मग मोठ्या टोळ्यांना वावरात आणायचं कसं? दोन वाटा आहेत. एक, काम पहिल्या झटक्यालाच इतकं जड द्यायचं की पाटलाला सगळ्यांना एकदम हाक मारावीच लागते. दुसरी, काम हलकंच ठेवायचं, पण इतका वेळ ओढायचं की आधी आलेल्या टोळ्या थकून बसतात आणि नाइलाजानं शेवटी मोठ्या टोळ्या उतरवाव्या लागतात. दोन्ही वाटांनी मोठ्या टोळ्या राबतात, आणि राबल्या की खाणंपिणं-झोप नीट असेल तर जाड होतात. म्हणून साइजच्या बाबतीत तुझे जिमचे सर अर्धे बरोबर आहेत. अलीकडच्या अभ्यासांत हेच पुन्हा पुन्हा दिसलंय, की पाच रॅप येतील इतकं जड वजन घ्या की तीस येतील इतकं हलकं, शेवटचे दोन-तीन रॅप खरोखर कठीण गेले तर स्नायू जवळपास सारखाच वाढतो. अट त्या ‘खरोखर’मध्ये आहे. वीस रॅप हसत-बोलत मारायचे, मध्ये आरशात दंड बघायचा, आणि घाम आला म्हणजे व्यायाम झाला असं समजायचं, यात मोठ्या टोळ्या घरीच झोपलेल्या राहतात. सेटनंतर, म्हणजे सलग रॅपच्या एका फेरीनंतर, दंड फुगलेला दिसतो ते साठलेलं रक्त असतं. गाव येईस्तोवर उतरतं.

ताकदीच्या बाबतीत मात्र दोन वाटा सारख्या नाहीत. कट्टा उचलताना शरीराला वीस सेकंदांची मुदत नसते. सगळ्या टोळ्या एकाच क्षणाला, एकाच दिशेला लागल्या पाहिजेत आणि उलट बाजूच्या स्नायूंनी गप्प बसलं पाहिजे. पाटलाला ही सवय मुख्यतः जड वजनानं लागते. म्हणून नवा पोरगा जड स्क्वॅट, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन बैठका, करू लागला की पहिले काही आठवडे मांडीचं माप फारसं हलत नाही, पण वजन मात्र दर आठवड्याला चढत जातं. स्नायू तोच असतो, त्याला हाक मारायची पद्धत बदललेली असते. आणि ही पद्धत ज्या हालचालीत शिकलास तिथंच जास्तीत जास्त उपयोगी पडते. बेंच प्रेसची, म्हणजे बाकावर पडून रॉड वर ढकलायची, ताकद पोतं उचलायला फारशी धावून येत नाही, हे तू स्वतःच पाहिलंस.

तुझं हसं झालं तसं माझंही झालं होतं, म्हणून सांगतो. १९८४ चा हिवाळा. मी अमरावतीला शारीरिक शिक्षणाचा विद्यार्थी, छाती बेचाळीस इंच, शर्टाची वरची दोन बटणं मुद्दाम उघडी. गावाकडे शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, झाला आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांची आमदंगल. मित्रांनी भरीस पाडलं. समोर आला आमच्याच शिवारातला एक गुराखी, वजनानं माझ्याहून दहा किलो कमी. त्यानं दीड मिनिटात मला आस्मान दाखवलं. उठताना मी त्याच्या हाताला धरलं तेव्हा कळलं, की ती पकड माणसाची नसून पान्ह्याची आहे. मोट नाही, पण रोज दोन वेळा विहिरीतून शंभर-दीडशे बादल्या पाणी ओढायचा तो ढोरांसाठी. मी त्या वर्षी जिममध्ये काय काय केलं होतं याची यादी मोठी होती. त्यात ओढणं नव्हतं.

अमरावतीच्याच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर मग मी मल्लखांबाची पोरं वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. १९१४ पासूनची संस्था. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकानं जर्मनीत आपले देशी खेळ दाखवले होते, हे तुला शाळेत कुणी सांगितलं असेल-नसेल. त्या मल्लखांबवाल्या पोरांचे दंड बारा-तेरा इंचांच्या वर नसायचे. पण एका हाताच्या पकडीवर सगळं अंग आडवं धरायचे. आपल्याच वजनाच्या हिशोबात जी ताकद मोजली जाते ती अशी दिसते. ती वेगळी, आणि दीडशे किलोच्या भारोत्तोलकाची वेगळी.

म्हणून साइज निरुपयोगी आहे असं काढू नको. जाड स्नायूत जास्त तंतू-माल असतो, म्हणून त्याची वरची मर्यादाही जास्त असते. दोन माणसांना सारखंच कसब असेल तर जाडवाला जास्त उचलेल. काकांना चांगलं खाऊन दहा किलो स्नायू मिळाला असता तर त्यांनी दोन कट्टे घेतले असते. साइज म्हणजे पाटलाच्या पदरी किती माणसं आहेत, आणि ताकद म्हणजे त्यातली किती एका हाकेत येतात. तू दोन वर्षं माणसं जमवलीस. हाक मारायला शिकला नाहीस. आणि जमवलीस ती सगळी कमरेच्या वरची.

एक गमतीची गोष्ट. ‘तीन सेट, दहा रॅप’ हा मंत्र तुझ्या जिममध्ये भिंतीवर लिहिलेला असेल. तो बॉडीबिल्डरांनी काढलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करात थॉमस डेलॉर्म नावाचा डॉक्टर होता. किशोरवयात संधिवाताच्या तापानं आजारी पडला होता आणि वजनं उचलून त्यानं अंग परत कमावलं होतं. जखमी सैनिकांचे गुडघे महिनोन् महिने सुधारत नव्हते, कारण त्यांना हलकाफुलका व्यायाम आणि सक्तीचा आराम दिला जायचा. यानं जड वजन द्यायला सुरुवात केली आणि पायात जोर आला की वजन वाढवत नेलं. १९४५ साली त्यानं हे छापलं. सुरुवातीला तो दहा-दहा रॅपचे सात ते दहा सेट करून घ्यायचा. १९४८ मध्ये सहकारी वॉटकिन्सबरोबर त्यानं ते तीनवर आणलं: पहिला सेट निम्म्या वजनानं, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. म्हणजे आज ज्याला सगळे साइजचा मंत्र समजतात तो दवाखान्यातून आला, आणि त्याचा खरा गाभा दहा या आकड्यात नव्हता. वजन वाढवत न्यायचं, हा होता. तू पत्रात दोन वर्षांचा हिशोब दिलास, पण वजन किती होतं आणि किती झालं, एकही आकडा नाही. वही ठेवत नसशील.

आता भरती. शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि ७.२६० किलोचा गोळा. १६०० मीटरमध्ये अंगावरचा जास्तीचा प्रत्येक किलो, स्नायू असो की चरबी, तुलाच वाहायचा असतो. गोळा हातानं फेकला जात नाही, पायानं ढकलला जातो. पाय, मग कंबर, मग खांदा, आणि शेवटी हात, असा जोर वर चढत जातो. १०० मीटर तर सरळ मांडी आणि नितंबांचं काम. छातीची अट न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर किमान ५ सेंटिमीटरचा फरक. तुझी छाती भरलीच आहे. अट श्वास भरून फुगवायची आहे, बनियन फाडायची नाही. या सगळ्यात मोठ्या दंडाला एक गुण नाही. गुणांची विभागणी दर भरतीच्या जाहिरातीत वाचून घे, ती बदलते.

तेव्हा माझं मत साफ आहे. तू पुढचे सहा महिने ताकदीवर घाल, आणि साइज जेवढी आपोआप येईल तेवढी येऊ दे. तुझ्या वयात, पायाचा व्यायाम आजवर न केलेल्या माणसात, ती येतेच. कुणी तुझ्याऐवजी गावातल्या स्पर्धेत स्टेजवर उभं राहायचं म्हणून विचारलं असतं, तर मी उलट सांगितलं असतं: एकेका स्नायूला आठवड्याला दहा-बारा दमदार सेट, सहा ते पंधरा रॅपमध्ये, दीड-दोन मिनिटं विश्रांती, आणि वजनाचा फार गर्व नको. तुझं काम ते नाही.

तुझ्यासाठी आठवड्यातून तीन दिवस जिम पुरे. उरलेल्या दोन दिवसांचं पेट्रोल दुधात घाल. एका दिवशी स्क्वॅट, बेंच प्रेस आणि वाकून रोइंग, म्हणजे रॉड पोटाकडे ओढणं. दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उचलून उभं राहणं), उभं राहून डोक्यावर प्रेस आणि पुलअप. हे दोन दिवस आलटून-पालटून. जड व्यायामाचे तीन ते पाच सेट, प्रत्येकी पाच रॅप. वजन असं निवड की पाचवा झाल्यावर अजून दोन निघाले असते असं वाटावं. सगळा जीव काढून शेवटचा रॅप मारणं ताकदीसाठी लागत नाही, उलट बिघडलेल्या हालचालीची सवय लागते. सगळे सेट नीट गेले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढव. सेटच्या मध्ये तीन मिनिटं, डेडलिफ्टला चारही. आजूबाजूची पोरं म्हणतील मोबाइल बघत बसतो. बसू दे. तारा पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो आणि तो दिला नाही तर पुढचा सेट हलका पडतो. शेवटची पंधरा मिनिटं तुझी हौस: दंड, खांदे, पोटऱ्या, दहा-पंधरा रॅपचे दोन-तीन सेट. पोटऱ्यांना गाळू नको.

स्क्वॅट नुसत्या रॉडनं सुरू कर, दोन वर्षांचा सिनियर असलास तरी. लाज वाटेल, वाटू दे. आपल्याकडच्या जिममधला रॉड वीस किलोचाच असेल असंही नाही, आणि ओतीव चकत्यांवर दहा लिहिलेलं असलं तरी त्या साडेनऊही भरतात नि अकराही. एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून घे. डेडलिफ्ट म्हणजे खरं तर काकांचाच धडा: रॉड नडगीला टेकलेला, पाठ सरळ, पोटात श्वास भरून पोट घट्ट, ढुंगण मागे. आई म्हणेल जड उचललं की बेंबी सरकते. बेंबी कुठं सरकत नाही, पण पाठ वाकवून झटका दिला तर कंबर भरते हे खरं, आणि मग पंधरा दिवस सगळंच बंद.

घरी एक गोष्ट कर. युरियाची रिकामी गोणी घे, एकात एक दोन घातल्या तर बरं, आणि त्यात वाळू किंवा माती भर. सावध भर. युरियाची गोणी ४५ किलोची म्हणून वाळूनं काठोकाठ भरशील तर ती नव्वदच्या वर जाईल, कारण वाळू युरियापेक्षा दुपटीनं जड. सुरुवातीला तीस किलो. आठवड्यातून एकदा ती कवेत घेऊन धुऱ्याधुऱ्यानं चाल, खाली ठेव, पुन्हा घे. दर पंधरा दिवसांनी पाच किलो वाळू वाढव. रॉड सरळ आणि शहाणा असतो. पोतं लोळतं, घसरतं, मधूनच पोटात घुसतं. ते रॉडवर शिकता येत नाही.

धावणं जिमच्या दिवशी असेल तर सकाळी धाव, संध्याकाळी जिम. दोन्हींत काही तासांचं अंतर राहिलं की एकानं दुसऱ्याचं फार बिघडत नाही.

पेरणी, डवरणी आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत हे वेळापत्रक कोसळणार, मला माहीत आहे. तेव्हा बंद करू नको. आठवड्यातून एकच दिवस जा, सेट निम्मे कर, पण वजन तेवढंच ठेव. कमावलेलं अंग कित्येक आठवडे एवढ्यावर टिकतं. वजन हलकं करून रोज जाण्यापेक्षा हे परवडतं.

खाण्याचं थोडक्यात सांगता येणार नाही, कारण आपल्याकडे गडबड तिथंच होते. व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं रोज पुरतात. तुझे ६१ किलो, म्हणजे शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर. डब्बा लागत नाही. तीनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी दिवसभरात खाशील तर तीस ग्रॅमच्या आसपास तिथंच. ऐंशी ग्रॅम तुरीच्या डाळीत सतरा-अठरा. अर्धा लिटर दुधात सोळा-सतरा. मूठभर, म्हणजे चाळीस ग्रॅम शेंगदाण्यांत दहा. आणि पन्नास ग्रॅम सोयावड्यांत पंचवीस. झाले शंभर. अंडी खात असशील तर वड्यांऐवजी चार अंडी. आपण सोयाबीन क्विंटलनं विकतो आणि प्रथिनांची पावडर तीन हजारांच्या डब्यात घरी आणतो, हा व्यवहार मला कधीच समजला नाही. पावडर वाईट नाही, ते दुधाचंच एक अंग आहे. पण ती डाळ-भाकर पोटभर झाल्यावरची गोष्ट. सोयाबीननं पोरांची छाती बाईसारखी होते ही अफवाही ऐकली असशील. रोजच्या जेवणातल्या प्रमाणानं पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, कमी होत नाही, हे अनेक अभ्यासांतून तपासून झालंय.

त्याहून मोठी अडचण पोटभर खाण्याचीच. सकाळी वावरात खपायचं, संध्याकाळी जिमला जायचं आणि मध्ये चहा-टोस्टवर राहायचं, मग शरीर बांधणार कशातून? तर्री-पोह्यांची प्लेट जिमनंतर खातोस तर त्याच्यावर दोन उकडलेली अंडी मागवून घे, आणि रात्री एक भाकर जास्त. महिन्याला वजन अर्धा-एक किलो वाढलं तर समज बरोबर चाललंय. झोप सात-आठ तास.

आता त्या गोळ्या. महिन्यात पाच किलो स्नायू कुणाच्याच अंगावर चढत नाही. अशा कागदात गुंडाळून मिळणाऱ्या गोळ्यांत बहुतेकदा दोन गोष्टी निघतात. एक, भूक वाढवणारं आणि झोप आणणारं सायप्रोहेप्टाडिन. दुसरी, डेक्सामेथासोन. हेही स्टेरॉइडच, पण दमा किंवा गंभीर सुजेवर डॉक्टर देतात ते. त्यानं अंगात पाणी धरतं, तोंड सुजून गोल होतं, आरशात माणूस भरलेला वाटतो. आतून मात्र ते स्नायू झिजवतं, हाडं ठिसूळ करतं, साखर वाढवतं. म्हणजे ज्यासाठी घेतलं त्याच्या नेमकं उलट. आणि काही आठवडे घेतल्यावर एकदम थांबवलं तर शरीराचं स्वतःचं संप्रेरक तयार नसतं, माणूस कोसळू शकतो. तू किंवा तुझ्या मित्रानं आधीच सुरू केल्या असतील तर लपवू नका, मनानं थांबवूही नका. पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा. जिममध्ये कुणी इंजेक्शनचं बोलला तर तो दुसऱ्या जातीचा स्टेरॉइड. त्यानं स्नायू खरंच वाढतो, पण वृषणं आपलं काम सोडतात, शुक्रजंतू घटतात आणि हृदयावर ताण येतो. बावीस वर्षांच्या पोराला हे लग्नाच्या वेळी कळतं. माझ्या एका विद्यार्थ्याला तसंच कळलं. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आणखी एक तपासणी, जी पुण्या-मुंबईचा सल्लागार तुला सांगणार नाही. आपल्या विदर्भात सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, पुष्कळ घरांत आहे आणि वाहक माणसाला, म्हणजे ज्याच्या रक्तात तो दोष आहे पण आजार नाही त्याला, आयुष्यभर पत्ता नसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी होते, ती करून घे. वाहक असलास तरी व्यायाम बंद करायचा नसतो. पण उन्हाच्या तडाख्यात, पाणी न पिता, एकदम जीव तोडून धावणं अशा माणसाला घातक ठरू शकतं. सुरुवात हळू, मध्ये विश्रांती, भरपूर पाणी, आणि अंग दुखून पाय ओढेनासा झाला की तिथंच थांबणं. बाकीच्यांनाही मे महिन्यात टिनाच्या शेडमधल्या जिममध्ये दुपारी चारला डेडलिफ्ट करायचं कारण नाही. पारा पंचेचाळीसवर असतो तेव्हा पहाटे पाचला कुलूप उघडायला जिमवाल्याला राजी कर. पाच जण मिळून गेलात तर तो ऐकेल. सोबत मीठ-साखर-लिंबाचं पाणी, नाहीतर पातळ ताक.

काकांकडे मात्र जिमच्याही आधी जा. संध्याकाळी, हात हलवत जाऊ नको, चहा-साखर घेऊन जा. कट्टा कसा घेता ते दाखवा म्हणावं. ते आधी हसतील. मग उठून दाखवतील, कारण इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलेलं नसेल. त्यांची कंबर दुखते का तेही विचार. दुखत असणार. त्यांना ना विश्रांतीचा दिवस मिळाला, ना दूध, ना हळूहळू वजन वाढवायची मुभा. पहिल्याच दिवशी पूर्ण कट्टा पाठीवर आला असेल. तुझ्या हातात या तिन्ही गोष्टी आहेत.

आणि एक राहिलं. पत्रात तू दंडाचं माप लिहिलंस, छातीचा उल्लेख केलास. मांडीचं माप कुठंच नाही. उद्या सकाळी टेप घेऊन मोज आणि वहीच्या पहिल्या पानावर लिही. पुढच्या पत्रात ते कळव, सोबत स्क्वॅटचा आकडाही.

तुझा,
सर